न उघडणाऱ्या फायलीची ओळखपरेड

सुरतच्या रिंग रोडवर कापडाची मार्केटे एकमेकांना खेटून उभी आहेत. गाळ्यागाळ्यात साड्यांचे आणि ड्रेस मटेरियलचे ढीग, दारात पार्सलांची रास, हातगाड्यांची ये-जा आणि जिन्यावर, लिफ्टपाशी, गाळ्याच्या कोपऱ्यात कॅमेरे. एखादे पार्सल गहाळ झाले की पहिली धाव डीव्हीआरकडे असते. तासाभराचे रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर उतरवले जाते, पेनड्राइव्ह घरच्या लॅपटॉपला लागतो आणि तिथे घोडे अडते. फाइल आहे, तिचा आकारही भरपूर आहे, पण नावाच्या शेवटी '.डीएव्ही' अशी कधी न पाहिलेली अक्षरे आहेत. दोनदा क्लिक करावे तर कॉम्प्युटरच उलट विचारतो, ही कशाने उघडू?

ही अडचण एकट्या मार्केटची नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडची माणसे उधना–जळगाव रेल्वेने लूम, मिल आणि मार्केटच्या कामासाठी पिढ्यानपिढ्या सुरतेत येत राहिली. पोट सुरतेत, लग्नकार्य मात्र गावी. त्या लग्नांच्या सीड्या आज लोखंडी कपाटात पडून आहेत. कुणाच्या जुन्या मेमरी कार्डात ऑगस्ट २००६ च्या महापुराच्या क्लिप्स आहेत. तापीवरच्या उकाई धरणातून तेव्हा नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले होते आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला होता. भाच्याने आयफोनवर काढलेले बारसे मामाच्या कॉम्प्युटरवर काळेठिक्कर दिसते, आवाज तेवढा येतो. या सगळ्या फायली धडधाकट असू शकतात. त्या वाचायच्या कशा, एवढेच समोरच्या प्लेयरला ठाऊक नसते.

अशा वेळी हमखास केला जाणारा उपाय म्हणजे नाव बदलणे. '.डीएव्ही' पुसून '.एमपी४' लिहायचे आणि नशिबावर हवाला ठेवायचा. कधी कधी फाइल खरोखर चालू लागते, त्यामुळे हा समज आणखी पक्का होतो. पण ती चालली ती नावामुळे नव्हे. नाव बघून प्लेयरने आत डोकावण्याची तसदी घेतली आणि आतला माल त्याच्या ओळखीचा निघाला, म्हणून ती चालली.

मार्केटमधून निघणारे पार्सल डोळ्यांसमोर आणले की सगळा मामला उलगडतो. बाहेर चिठ्ठी, मग बांधणी, आणि आत कापड. फाइलच्या नावातली टिंबानंतरची अक्षरे, म्हणजे एक्स्टेन्शन, ही नुसती चिठ्ठी असते. बांधणी म्हणजे कंटेनर: चित्र कुठे आहे, आवाज कुठे आहे, कोणत्या क्षणी काय दाखवायचे याचा हिशेब तिच्यात असतो. एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही, एफएलव्ही ही सगळी कंटेनरांची नावे. आणि कापड म्हणजे कोडेकने दाबून बसवलेले प्रत्यक्ष चित्र. चिठ्ठी बदलली म्हणून आतल्या जॉर्जेटचे कॉटन होत नाही.

चित्र दाबावे का लागते, याचे गणित कागदावर मांडून बघण्यासारखे आहे. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके असतात. दर ठिपक्याला तीन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर एका सेकंदाला सुमारे १५५ एमबी होतात. तासाभराचे साडेपाचशे जीबीच्या वर. एवढे कोण साठवणार आणि कोण पाठवणार? म्हणून कोडेक एका चित्रातून पुढच्या चित्रात जे बदलले तेवढेच टिपून ठेवतो. एच.२६४ हे आजचे सर्वांत परिचित कोडेक २००३ चे. त्याच्या पुढचे एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, २०१३ चे आणि एव्ही१ २०१८ चे. भाच्याच्या बारशाचे कोडे इथेच सुटते. २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून नवे आयफोन एचईव्हीसीत चित्रीकरण करू लागले. जुन्या कॉम्प्युटरला कंटेनर उघडता येतो, आवाजाचे कोडेकही कळते, पण चित्राचे कळत नाही. त्यामुळे आवाज ऐकू येतो आणि पडदा काळा राहतो.

तेव्हा अनोळखी फाइल हाती आली की प्रश्न दोन असतात: कंटेनर कोणता आणि कोडेक कोणते. चिठ्ठीवर विसंबायचे नसेल तर उत्तर खुद्द फाइलच देते, आणि तेही अगदी पहिल्या काही बाइटांत.

बहुतेक कंटेनर आपल्या सुरुवातीला एक ठरलेली खूण ठेवतात. ही खूण पाहून फाइल ओळखण्याची कल्पना फार जुनी आहे. १९७३ च्या युनिक्समध्येच 'फाइल' नावाची आज्ञा होती, ती आजही तेच काम करते. घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर एचएक्सडी यासारखा फुकट मिळणारा हेक्स एडिटर पुरतो. त्यात फाइल उघडली की आडव्या ओळी दिसतात. दर ओळीत सोळा बाइट, डावीकडे आकडे आणि उजवीकडे त्यांची अक्षरे. उजव्या रकान्यातली पहिली ओळ वाचायची. पाचव्या ते आठव्या जागी 'एफटीवायपी' ही चार अक्षरे दिसली तर ती एमपी४ च्या घराण्यातली फाइल. लगेच पुढची चार अक्षरे उपजात सांगतात: 'आयसॉम' किंवा 'एमपी४२' असेल तर साधी एमपी४, '३जीपी४' असेल तर जुन्या मोबाइलची, 'क्यूटी' असेल तर ॲपलची क्विकटाइम. अगदी सुरुवातीलाच 'एफएलव्ही' ही तीन अक्षरे असतील तर फ्लॅश व्हिडिओ. टिंब आणि 'आरएमएफ' असेल तर रिअल मीडिया. 'आरआयएफएफ' आणि थोडे पुढे 'एव्हीआय' असेल तर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेली एव्हीआय. डाव्या रकान्यात '१ए ४५ डीएफ ए३' हे चार बाइट दिसले तर मात्रोस्का, म्हणजे एमकेव्ही, नाहीतर तिच्याच पोटी जन्मलेली गूगलची वेबएम.

यात सर्वांत देखणी खूण ट्रान्सपोर्ट स्ट्रीमची, म्हणजे '.टीएस' फाइलची आहे. तिचा पहिला बाइट '४७', अक्षरात 'जी'. मग १८८ बाइट पुढे गेले की पुन्हा 'जी'. आणखी १८८ पुढे, पुन्हा 'जी'. फाइल संपेपर्यंत हा ताल चुकत नाही. केबल आणि डिश टीव्हीचे प्रक्षेपण डोळ्यांसमोर ठेवून ही रचना झाली. सिग्नल मध्येच तुटला तर रिसीव्हरने पुढचा 'जी' शोधायचा आणि तिथून पुन्हा सुरू करायचे. टीएस फाइल अर्धवट कापली गेली तरी उरलेली का चालते, याचे कारण हेच.

इतके प्रकार झाले कुठून? यातला बराचसा गुंता इंटरनेटवरून व्हिडिओ पाठवण्याच्या खटपटीतून आला. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत रॉब ग्लेझर यांच्या प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्स या कंपनीने, म्हणजे पुढच्या रिअलनेटवर्क्सने, रिअलऑडिओ बाजारात आणले होते. पूर्ण फाइल उतरवून घेण्याची वाट न बघता, येईल तसे ऐकायचे, ही नवलाई. १९९७ मध्ये रिअलव्हिडिओ आले. टेलिफोनच्या तारेतून जेमतेम अठ्ठावीस हजार बिट सेकंदाला येत असताना हलते चित्र दाखवायचे म्हणजे ते काडेपेटीएवढे आणि धुरकट असणारच. मायक्रोसॉफ्टने त्याला एएसएफ आणि डब्ल्यूएमव्हीने उत्तर दिले, ॲपलकडे क्विकटाइम होतेच. ज्याची फाइल त्याचाच प्लेयर, असा तो काळ होता. तेव्हा सायबर कॅफेतून सीडीवर उतरवलेल्या '.आरएम' फायली आज नवा कॉम्प्युटर ओळखत नाही, याचे मूळ या चढाओढीत आहे.

त्या काळातली एक फसगत आजही होते. जुन्या सीडीवर '.रॅम' किंवा '.एएसएक्स' नावाची, आकाराने एक केबीसुद्धा नसलेली फाइल मिळते. व्हिडिओ आहे असे समजून ती जिवापाड जपलेली असते. नोटपॅडमध्ये उघडली तर आत एका ओळीत पत्ता दिसतो. व्हिडिओ कुठल्याशा सर्व्हरवर होता आणि या फाइलमध्ये फक्त तिथे जाण्याची वाट लिहिली होती. सर्व्हर बंद झाला की कोणताही प्लेयर तिच्यातून काही काढू शकत नाही. म्हणून अनोळखी व्हिडिओ फाइलचा आकार आधी बघावा. काही केबींची फाइल असेल तर ती चालवण्याच्या नादी न लागता नोटपॅडमध्ये वाचावी.

मग फ्लॅश आले आणि दहा वर्षे राज्य करून गेले. फेब्रुवारी २००५ मध्ये स्थापन झालेल्या यूट्यूबने सुरुवातीपासून फ्लॅशची कास धरली. ब्राउझरमध्ये फ्लॅश असले की वेगळा प्लेयर लागत नव्हता, आणि 'तुमच्याकडे कोणता प्लेयर आहे' ही कटकट मिटली. लोकांनी उतरवून ठेवलेल्या त्या काळच्या असंख्य क्लिप्स '.एफएलव्ही' आहेत. २०१५ च्या जानेवारीत यूट्यूबने ब्राउझरच्या स्वतःच्या व्हिडिओ सोयीला पहिला मान दिला. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरने मजकूर दाखवणेच थांबवले. पण फ्लॅशमधले खेळ आणि ॲनिमेशन वेगळे, फ्लॅश व्हिडिओ वेगळा. एफएलव्ही फाइलला फ्लॅशची गरज नसते. आतले कोडेक जुने एच.२६३ च्या वळणाचे, व्हीपी६ किंवा एच.२६४ असते आणि ते वाचणारे प्लेयर आजही आहेत. फ्लॅश बंद झाले म्हणून कुणी एफएलव्ही फायली पुसून टाकल्या असतील, तर ते नुकसान टाळता येण्यासारखे होते.

आजच्या स्ट्रीमिंगमध्ये व्हिडिओ अखंड असा कुठे नसतोच. ॲपलने २००९ मध्ये एचएलएस ही पद्धत आणली. तिच्यात व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करतात, आणि प्रत्येक तुकडा कमीजास्त दर्जाच्या अनेक आवृत्त्यांत ठेवतात. '.एम३यू८' नावाची यादी फोनला सांगते की कोणता तुकडा कुठे आहे. उधन्याहून नवापूरकडे निघालेल्या गाडीत नेटवर्क मंदावले की चित्र एकदम पुसट होते आणि स्टेशन आले की पुन्हा लख्ख होते. फोनने तेवढ्यापुरता हलक्या दर्जाचा तुकडा मागवलेला असतो. २०१२ मध्ये प्रमाणित झालेली डॅश ही पद्धतही याच तत्त्वावर चालते. तिची यादी '.एमपीडी' आणि तुकडे बहुधा '.एम४एस'.

याचा परिणाम असा, की कुणी यादी उतरवून घेतो आणि व्हिडिओ मिळाला असे समजतो. कुणाच्या हाती एखादाच '.एम४एस' तुकडा लागतो आणि तो हूं की चूं करत नाही. चित्राचा आकार किती, कोडेक कोणते ही माहिती सुरुवातीच्या एका छोट्या तुकड्यात असते. तो पुढे जोडल्याशिवाय बाकीचे मुके. फोनच्या फोल्डरांत सापडणाऱ्या '.एक्सो' फायली तर ॲपने आपल्यापुरत्या साठवलेल्या तुकड्यांच्या असतात. ओटीटीवरून 'डाउनलोड' केलेला सिनेमा कुलूपबंद असतो आणि किल्ली ॲपकडेच राहते. तिथे फाइल ओळखता आली तरी ॲपबाहेर ती चालायची नाही, आणि कुलूप फोडणे कायद्यात बसत नाही.

आता पुन्हा मार्केटमध्ये, तिथल्या कॅमेऱ्यांकडे. रिअलनेटवर्क्स, नेटस्केप आणि कोलंबिया विद्यापीठ यांनी मिळून आरटीएसपी नावाचा शिरस्ता घडवला आणि एप्रिल १९९८ मध्ये तो प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. सर्व्हरला 'सुरू कर', 'थांब', 'पुढे जा' असे दुरून सांगण्याची ती भाषा. रिअलप्लेयर घराघरांतून गेला, पण ही भाषा टिकली. आजच्या आयपी कॅमेऱ्यांपैकी बहुतेक तीच बोलतात. कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता, नाव आणि पासवर्ड ठाऊक असेल तर व्हीएलसी या प्लेयरच्या 'ओपन नेटवर्क स्ट्रीम'मध्ये तो टाकला की गाळ्याचे थेट चित्र दिसते. पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवला असेल तर ते तिऱ्हाइतालाही दिसू शकते, म्हणून कॅमेरा बसवणाऱ्याकडून तो त्याच दिवशी बदलून घ्यावा.

पेनड्राइव्हवरच्या '.डीएव्ही'चे गौडबंगाल फारसे अवघड नाही. हेक्स एडिटरमध्ये तिच्या माथ्यावर बहुधा 'डीएचएव्ही' ही अक्षरे दिसतात. दाहुआ या चिनी कंपनीच्या रचनेची ही खूण आहे, आणि इतर नावांनी विकल्या जाणाऱ्या अनेक डीव्हीआरमध्येही तीच आढळते. आत एच.२६४ किंवा एच.२६५ हेच नेहमीचे चित्र असते. कंटेनर तेवढा कंपनीचा खाजगी. हाइकव्हिजन या दुसऱ्या कंपनीच्या बाबतीत उलटी गंमत होते. नाव '.एमपी४', पण पहिली अक्षरे 'आयएमकेएच'. म्हणजे चिठ्ठी एमपी४ ची आणि आत डीव्हीडीच्या जवळपासचा प्रोग्राम स्ट्रीम: वरून कीर्तन, आतून तमाशा. काही स्वस्त डीव्हीआर तर कंटेनरच देत नाहीत, '.२६४' नावाने कच्चा प्रवाह हवाली करतात. त्यात वेळेची नोंद नसल्याने प्लेयर आपल्या अंदाजाने वेग ठरवतो. माणसे पळत असल्यासारखी दिसतात आणि पंधरा मिनिटांचे रेकॉर्डिंग सात-आठ मिनिटांत संपते. चोरी किती वाजता झाली हा प्रश्न असेल तेव्हा हा दोष गंभीर ठरतो. पडद्यावर कोरलेली वेळ असेल तर तीच खरी धरावी, प्लेयरची नव्हे.

सर्वांत सोपी वाट डीव्हीआरपाशीच असते. बॅकअप घेताना बऱ्याच यंत्रांत एव्हीआय किंवा एमपी४ निवडण्याची सोय असते, आणि कंपनीचा प्लेयर त्याच पेनड्राइव्हवर उतरवण्याचीही. पण पोलिसांत किंवा कोर्टात जाण्याची शक्यता असेल तर मूळ फाइल जशीच्या तशी हवी, रूपांतर केलेली तिच्या जोडीला. या बाबतीतला महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात लागला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला होता का, हा वाद होता. पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या आणि बाहेरच्या कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणाचा, आणि तो व्हीसीडीवर होता. त्यासोबत हवे असलेले पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र मिळत नव्हते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला सांगितले, की मूळ उपकरणच हजर केले नसेल तर प्रतीसाठी हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम ६३ ने ती जागा घेतली आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्यही आले. हॅश म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला आकडा. एक बिट बदलला तरी तो पार बदलतो. डीएव्हीचे एमपी४ केले, किंवा व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओसारखे पाठवले, की फाइलचे बाइट बदलतात आणि हॅश जुळत नाही. नातेवाइकाला दाखवायलाही 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलेले बरे, कारण त्यात फाइल जशीच्या तशी जाते.

कपाटातल्या लग्नाच्या सीडीकडे वळू. १९९३ मध्ये ठरलेली व्हिडिओ सीडी म्हणजे चौऱ्याहत्तर मिनिटांचे, ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे एमपेग-१ चित्र. मालेगावच्या हौशी सिनेमांपासून अहिराणी गाण्यांपर्यंत खानदेशची केवढी तरी करमणूक या चकत्यांवरून घरोघरी पोचली, आणि फोटो स्टुडिओंनी लग्नेही त्यांवरच दिली. कॉम्प्युटरमध्ये सीडी घातली की 'एमपेगएव्ही' नावाचे फोल्डर दिसते, त्यात 'एव्हीएसईक्यू०१.डॅट'. 'डॅट' नाव इतके मोघम आहे की कित्येकांनी ती निरुपयोगी समजून सोडून दिली. हेक्समध्ये पाहिले तर 'आरआयएफएफ' आणि पुढे 'सीडीएक्सए' दिसते. हा ४४ बाइटांचा मथळा विंडोजने लावलेला असतो, आणि खाली एमपेग. व्हीएलसी ती थेट चालवतो.

घाई मात्र करायला हवी. सीडीवर जास्त व्हिडिओ मावावा म्हणून व्हीसीडीच्या सेक्टरांतून चुका दुरुस्त करणारा एक थर काढून टाकलेला आहे. त्यामुळे डेटा सीडीला जो ओरखडा चालून जातो, तो व्हीसीडीवर वाचनदोष बनतो. विंडोजची साधी कॉपी पहिल्या दोषाला हात टेकते. अशा वेळी सीडीचा पूर्ण इमेज काढणारा, खराब सेक्टर वगळून पुढे जाणारा प्रोग्राम वापरावा. हळदीतली दोन सेकंदे गेली तरी बाकीचे लग्न वाचते.

महापुराच्या क्लिप्सचे दुखणे वेगळे. नोकिया ६६०० च्या पिढीतले फोन ३जीपी फायली करत. चित्र १७६ गुणिले १४४ ठिपक्यांचे, कोडेक एच.२६३, आणि आवाज एएमआर, म्हणजे फोनवरच्या बोलण्यापुरता घडवलेला. आज अशा क्लिपचे चित्र दिसते आणि आवाज येत नाही, तेव्हा दोष बहुधा एएमआर न कळणाऱ्या प्लेयरचा असतो. लिंबायतच्या गल्लीत छातीभर पाण्यातून बोलणाऱ्या माणसाचा आवाज त्या फाइलमध्ये शाबूत असतो. हा काही करोडोंचा ऐवज नाही. पण अशा शेकडो क्लिप्स मिळून सुरतच्या त्या आठवड्याची जी नोंद होते, तशी कुठल्याही सरकारी अहवालात होत नाही. म्हणून त्या आहे त्याच रूपात राखाव्यात, आणि चालणारी प्रत वेगळी करावी.

चालवायचे कशाने, याचे उत्तर बहुतेक वेळा एकच येते: व्हीएलसी. १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सेंट्रालमधल्या विद्यार्थ्यांनी हा प्रकल्प सुरू केला आणि फेब्रुवारी २००१ मध्ये तो मुक्त परवान्यावर जगाला खुला केला. तो बाहेरून कोडेक मागत नाही, वाचण्याची सगळी विद्या पोटातच बाळगतो. त्यामागचे मोठे बळ म्हणजे फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेला एफएफएमपेग हा प्रकल्प. दाहुआची डीएचएव्ही रचनासुद्धा त्यातल्या स्वयंसेवकांनी उलगडून २०२० च्या आवृत्तीत घातली आहे. २०२२ मध्ये भारतात व्हीएलसीची वेबसाइट अचानक उघडेनाशी झाली. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने व्हीएलसी सांभाळणाऱ्या व्हिडिओलॅन या संस्थेने ऑक्टोबरमध्ये कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. त्या काही महिन्यांत लोक भलत्याच ठिकाणांहून प्रोग्राम उतरवत राहिले, आणि धोका नेमका त्यात होता.

ओळखीसाठी मीडियाइन्फो हा छोटा प्रोग्राम हेक्स एडिटरपेक्षा सुटसुटीत. फाइल त्याच्यावर टाकली की कंटेनर, कोडेक, ठिपके, वेग, आवाजाचा प्रकार असे सगळे समोर मांडतो. त्यावरून पुढचा निर्णय होतो. कोडेक आजचे आणि कंटेनर तेवढा जुना असेल, तर एफएफएमपेगच्या 'कॉपी' पर्यायाने आतले चित्र न हलवता कंटेनर बदलता येतो. काही सेकंदांचे काम, आणि दर्जात काडीचाही फरक नाही. कोडेकच जुने असेल तर पुन्हा दाबणे आले, त्याला वेळ लागतो आणि थोडी झीजही होते. स्टुडिओवाले सरसकट दुसरा मार्ग धरतात. गिऱ्हाइकाने पहिल्याची मागणी करायला शिकले पाहिजे.

एक सावधगिरी इथे ठासून सांगायला हवी. 'हा व्हिडिओ बघायला अमुक कोडेक घ्या' असे म्हणणारी खिडकी २००५ च्या सुमारास झ्लॉब नावाच्या ट्रोजनने जगभर पसरवली, आणि ती युक्ती अजून जुनी झालेली नाही. अलीकडे लग्नाचे आमंत्रण म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी '.एपीके' फाइल फोनवर ताबा मिळवते आणि बँक खात्यापर्यंत पोचते. इथेही पहिली अक्षरे कामाला येतात. विंडोजवर चालणारा प्रोग्राम 'एमझेड' या दोन अक्षरांनी सुरू होतो, एपीके आणि झिप 'पीके'ने. व्हिडिओ म्हणवणाऱ्या फाइलच्या माथ्यावर यांपैकी काही दिसले तर ती तिथल्या तिथे पुसावी.

राहता राहिली ती खरोखर बिघडलेली फाइल. मंडपातली वीज गेली, कॅमेऱ्याची बॅटरी संपली, किंवा कुणी घाईने कार्ड उपसले की शेवटची एमपी४ उघडत नाही. आकार कित्येक जीबींचा असतो, माथ्यावर 'एफटीवायपी'ही असते, तरी प्लेयर नाही म्हणतो. बहुतेक कॅमेरे चित्रीकरण चालू असताना नुसते चित्र आणि आवाज ओतत राहतात आणि कोणती फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका शेवटी, रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहितात. 'मूव्ह' नावाच्या पेटीत ती असते. हेक्स एडिटरमध्ये 'एमओओव्ही' ही अक्षरे शोधून सापडली नाहीत, तर अनुक्रमणिका लिहिली गेलीच नाही हे नक्की. चित्र मात्र सगळे आत आहे. अनट्रंक यासारखा मुक्त प्रोग्राम एक धडधाकट फाइल नमुन्याला घेऊन बिघडलेल्या फाइलची अनुक्रमणिका नव्याने बांधतो. अट एवढीच, की नमुना त्याच कॅमेऱ्याचा आणि त्याच सेटिंगवरचा हवा. अशी वेळ आली तर कार्डावर पुढे काहीही रेकॉर्ड करू नये, ते फॉरमॅट करू नये, आणि कार्ड दुरुस्तीला देताना त्याच दिवशी त्याच कॅमेऱ्याने काढलेली, नीट चालणारी एखादी क्लिप सोबत द्यावी.